टीएल एकोणतीस

कुवेतच्या शुक्रवार बाजारात,
जुने रिमोट आणि जोडीदार हरवलेले बूट यांच्या मधोमध
नूरबख्श बलुची चादर अंथरून बसतो.
पहिला चाकू त्याच्याकडूनच घेतला, दीड दिनारला.
"लढाईतला आहे," तो म्हणाला.
कुठल्या लढाईतला, विचारलं,
तर म्हणाला, "तुला कुठली हवी?"

मी वायरमन. आयटीआय, कुडाळ.
लढाईतलं मला कळत नाही, हत्यारातलं कळतं.
मुठीवर ठसा: टीएल एकोणतीस.
दोन पाती. एक टोकदार,
दुसऱ्याचं टोक पेचकसासारखं चपटं,
त्याच्या कडेला खाच, तार सोलायची,
आणि पोटात पितळेची पट्टी,
पातं पूर्ण उघडलं की खट्‌ करून आडवी येते.
मग कितीही जोर लावा,
बोटावर मिटत नाही.
ज्याने ही पट्टी बसवली
त्याने आधी कुणाचं तरी बोट पाहिलं असणार.

आता अकरा झालेत.
बिस्किटांच्या निळ्या डब्यात, खाटेखाली,
फाटक्या बनियनच्या चिंध्यांत गुंडाळलेले.
रॉकेलने गंज काढतो, सांध्यात तेलाचा एकच थेंब.
पितळ मात्र घासत नाही. काळं पडलंय, पडू दे,
ते त्याने कमावलंय.
सातव्याच्या मुठीवर कुणीतरी खिळ्याने रेघा मारल्यात,
चार उभ्या, पाचवी आडवी, मग पुन्हा दोन.
खांब असतील, चढलेले.
महिने असतील, सुट्टीला उरलेले.
तिसरं काही मनात येतं
तेव्हा मी डबा लावून टाकतो.

"लोक सोनं नेतात गावी," दाऊद मुकादम म्हणतो,
"तू गंज ने."

जूनमध्ये साइटवर फर्मान आलं, उघडं पातं बंद.
सेफ्टीवाल्या कुरियनने पिवळा प्लास्टिकचा कटर दिला,
बोट सुटलं की पातं आत जातं,
कासवासारखं.
त्याचं चूक नाही. थापाच्या तळहाताला नऊ टाके
मी स्वतः मोजलेत.
तरी दीड महिना उजवा खिसा
हलका हलका लागत राहिला,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तसा हात जायचा.

ऑगस्ट. महबुला. रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं.
आख्खी इमारत अंधारात, एसी गप्प,
जिन्यावर चाळीसेक माणसं, ओल्या टॉवेलांखाली.
कंपनीचा माणूस सकाळी येणार, म्हणे.
मीटररूममध्ये जळक्या रबराचा वास,
न्यूट्रल कोळसा झालेला.
पिवळा कटर साइटवरच्या लॉकरमध्ये.
मी डबा ओढला.

आधी मेन पाडला. टेस्टर लावला. पुन्हा लावला.
मूठ लाकडाची असली तरी दोन्ही टोकांना लोखंड आहे,
आणि वीज लाकडाला नाही, टोकांना ओळखते.
मुकादमने मोबाइलचा उजेड धरला,
त्याचा हात कापत होता, माझा नाही.
जळकं तोडलं. चांगली तार खाचेत धरली,
मनगट फिरवलं एकदाच,
काळं कवच कडं होऊन गळून पडलं
आणि आत तांबं,
नुकतं सोललेल्या रताळ्यासारखं उजळ.
तांबं या दशकातलं. पातं माझ्या बापाच्या आधीचं.
दोघांची ओळख करून द्यायला
फार वेळ लागला नाही.

मेन चढवला.
एकेक एसी खाकरत सुरू झाला, तळमजल्यापासून वर.
जिना रिकामा झाला.
कुणी काही बोललं नाही, झोप महत्त्वाची.

हे पातं मिटायचं तर पट्टी अंगठ्याने
बाजूला सारावी लागते,
आपणहून ती कधीच सरकत नाही.
पायरीवर बसून मी ती सारली,
उघडली, पुन्हा सारली.
सातवाच हाताला लागला होता, तेव्हा लक्षात आलं.
रेघ मारावी का, क्षणभर वाटलं.
खिळा नव्हता.

सकाळी ब्रश तोंडात धरून मुकादम विचारत होता,
तो नूरबख्श
शुक्रवारी किती वाजता बसतो.